काचेच्या पोटातला उजेड

नेव्हा नदीवरचा वारा कानशिलांना झोंबतो आहे. साल 1980, शहर लेनिनग्राड. वासिलेव्स्की बेटावरच्या एका जुन्या इमारतीचा जड दरवाजा ढकलून तुम्ही आत येता. ही वाविलोव्ह यांच्या नावाची राज्य प्रकाशशास्त्र संस्था, 1918 साली क्रांतीच्या धामधुमीत उभी राहिलेली. पहिल्या महायुद्धात दुर्बिणीची काच बाहेरून मिळेनाशी झाली, तेव्हा ती आपली आपण करायला शिकलं पाहिजे हे रशियाला कळून चुकलं होतं. तेव्हापासून इथली माणसं काच वितळवत आली आहेत.

भट्टीपाशी गेल्यावर अंगातला कोट काढावा लागतो. लांब दांड्याच्या चिमट्यात धरलेली मूस बाहेर येते, कलते आणि पिवळाधमक रस साच्यात उतरतो. थोड्या वेळानं तो नारिंगी दिसतो, मग काळपट लाल, आणि शेवटी नितळ काच उरते. तिच्या कच्च्या मालात तांबं आणि क्लोरीन अगदी थोडं मिसळलेलं आहे, पण ते कुठं आहे हे तुम्हाला दिसत नाही. अणू काचभर विखुरलेले आहेत, एकेकटे.

खरं काम इथून पुढे. या काचेचे तुकडे दुसऱ्या, कमी तापाच्या भट्टीत जातात. तिथं ताप 500 ते 700 अंश सेल्सिअस. इतक्या तापात काच वाहत नाही, पण तिच्या आतले तांब्याचे आणि क्लोरीनचे अणू सावकाश सरकू लागतात, एकमेकांना भेटतात आणि त्यांचे स्फटिक धरू लागतात. एक तुकडा तासाभरात बाहेर काढतात. दुसरा 96 तास, म्हणजे चार दिवस, आतच राहतो. जितका वेळ जास्त तितका स्फटिक मोठा, पण हिशेब सरळ नाही. लहान स्फटिक विरघळतात आणि त्यांच्या मालावर मोठे पोसतात, त्यामुळं आकार दुप्पट करायचा तर वेळ आठपट द्यावा लागतो. क्ष-किरणांनी मोजल्यावर कळतं की सगळ्यात लहान स्फटिक 2 नॅनोमीटरचे आहेत आणि मोठे 30 नॅनोमीटरपर्यंतचे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

आता घासूनपुसून चकचकीत केलेल्या चकत्या टेबलावर ओळीनं मांडलेल्या आहेत. एकीला एक तास मिळाला, एकीला चार दिवस, आणि तुम्हाला सगळ्या सारख्याच दिसतात. कॉपर क्लोराइड शोषतं तो प्रकाश अतिनील असतो, तिथं डोळा कामाचा नाही. म्हणून चकती द्रव हेलियममध्ये गोठवतात, तिच्यातून अतिनील झोत सोडतात, आणि कागदाच्या गुंडाळीवर लेखणी सरकू लागते. रेषा सपाट जाते, मग एकदम उभी चढते, उतरते. हे झालं मोठ्या स्फटिकांचं शिखर, कॉपर क्लोराइडच्या साध्या ढेकळाचं असतं तिथंच. पुढची चकती लावली जाते. शिखर डावीकडं सरकलेलं, म्हणजे कमी तरंगलांबीकडं, जास्त ऊर्जेकडं. त्यापुढची चकती आणि शिखर आणखी डावीकडं.

मोजणाऱ्या माणसाचं नाव अलेक्सेई एकिमोव्ह. तो शिकला इयॉफे संस्थेत, अर्धवाहकांच्या प्रकाशगुणांवर. नोकरी लागली ती काचेच्या संस्थेत. रंगीत काच करणारे कारागीर शतकानुशतकं ताप आणि वेळ बदलून छटा बदलत आले होते. कॅडमियम, गंधक आणि सेलेनियम घातलेली पिवळी-लाल काच तर बाजारातही होती. एकिमोव्हनं त्या काचेकडं अर्धवाहकाच्या अभ्यासकाच्या नजरेनं पाहिलं, आणि शोध तिथून लागला.

कागदावरचं ते सरकलेलं शिखर सांगतं काय? अर्धवाहकावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी घेतो आणि मागे एक रिकामी जागा सोडतो. इलेक्ट्रॉन आणि ती जागा यांची जोडी काही क्षण टिकते. इलेक्ट्रॉन परत खाली आला की प्रकाश बाहेर पडतो, निदान पडावा अशी अपेक्षा असते. मोठ्या स्फटिकात ही जोडी मोकळी वावरते. स्फटिक 2-3 नॅनोमीटरचा केला की तिला वावरायला जागा उरत नाही, आणि पुंजयामिकीच्या नियमानं कोंडलेल्या कणाची ऊर्जा वाढते. पदार्थ तोच, अणू तेच, आणि नुसत्या आकारानं रंग ठरतो. हर्बर्ट फ्रोलिक यांनी 1937 सालीच कागदावर असं काहीसं वर्तवलं होतं. एकिमोव्ह आणि त्याचा सहकारी ओनुश्चेंको यांचा कॉपर क्लोराइडवरचा निबंध 1981 साली सोव्हिएत नियतकालिकात छापून येतो. पश्चिमेत तो जवळपास कुणाच्या वाचनात येत नाही.

या काचेची अडचणही तुमच्या हातातच आहे. स्फटिक तिच्यात जन्मले खरे, पण तिथंच अडकले. ते बाहेर काढून निवडता येत नाहीत, एकसारखे आकार मिळत नाहीत, आणि त्यांच्या पृष्ठभागावर इतके दोष असतात की आत शिरलेला बराचसा प्रकाश उष्णता होऊन वाया जातो.

त्यामुळं पुढची वीस-तीस वर्षं जग काचेकडं पाठ फिरवून द्रवाच्या मागे लागतं. ती वर्षं भराभर ओलांडू. 1983, न्यू जर्सीतलं मरे हिल. बेल प्रयोगशाळेत लुई ब्रुस द्रावणात तरंगणारे कॅडमियम सल्फाइडचे कण बनवतो. टेबलावर तसंच राहिलेलं द्रावण नंतर तपासलं तर त्याचा वर्णपट बदललेला, कारण साडेचार नॅनोमीटरचे कण वाढून साडेबाराचे झाले होते. लेनिनग्राडमध्ये काय झालं याची त्याला वार्ताही नाही, तरी तो त्याच नियमाशी पोचतो. 1993, मॅसॅच्युसेट्स. एमआयटीमध्ये ब्रुसचाच जुना सहकारी मौंजी बावेंडी तापलेल्या तेलकट द्रवात पिचकारीनं कच्चा माल एकदम सोडतो, आणि हव्या त्या मापाचे, जवळजवळ निर्दोष स्फटिक हाती येतात. 2013, एखादं टीव्हीचं दुकान. सोनीच्या नव्या टीव्हीच्या पडद्याकडेला काचेची एक बारीक नळी बसवलेली आहे आणि तिच्यात हे स्फटिक भरून नळीचं तोंड बंद केलेलं आहे. हवा आणि ओल लागली की ते मरतात, म्हणून ही खटपट. काच परत आली, पण फक्त बाटली म्हणून.

आता झ्युरिक, 2015. ईटीएच विद्यापीठात मॅक्सिम कोवालेन्को यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी दिवे मालवतं आणि अतिनील दिवा लावतं. समोर कुप्यांची रांग उजळते. जांभळट निळा, निळा, मोरपिशी, हिरवागार, पिवळा, नारिंगी, शेवटी गडद लाल. इथं थांबा, नीट बघा, कारण इतका शुद्ध रंग एरवी बघायला मिळत नाही. प्रत्येक कुपीतला प्रकाश वर्णपटाच्या अगदी अरुंद पट्टीत, 12 ते 42 नॅनोमीटरमध्ये, मावतो. सरस कुप्यांमध्ये शोषलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी नव्वदपर्यंत परत येतात. स्फटिक 4 ते 15 नॅनोमीटरचे, पदार्थ सिझियम, शिसं आणि एक हॅलोजन यांचा, रचना पेरोव्हस्काइट नावाच्या खनिजासारखी. क्लोरीन घातलं की निळ्याकडं, ब्रोमीननं हिरवं, आयोडीननं लाल.

पदार्थ नवा नाही. येल विद्यापीठाच्या वेल्सनं सिझियम आणि शिशाचे हे क्षार 1893 मध्येच बनवले होते. 1958 साली कोपनहेगनच्या क्रिस्टियन म्योलरनं त्यांची रचना उलगडली आणि प्रकाश पडला की त्यांच्यातून वीज वाहते हेही नोंदवलं. मग कित्येक दशकं ते धूळ खात पडले. विज्ञानाच्या इतिहासात असं फार वेळा घडतं, आणि मला त्याची दर वेळी हळहळ वाटते.

रांगेतली शेवटची, लाल कुपी हातात घ्या. सगळं दुखणं तिच्यात आहे. सिझियम-शिसं-आयोडीनचा जो काळा स्फटिक लाल उजेड देतो, तो 320 अंशांच्या वर सुखानं राहतो. शिसं आणि आयोडीन यांच्या पिंजऱ्यात सिझियम बसलेला असतो, पण त्या पिंजऱ्याला आतून तोलून धरायला तो जरा लहान पडतो. तापमान उतरलं की पिंजरा खचतो आणि काळ्याचा पिवळा होतो. पिवळ्या रूपात तोच पदार्थ, त्याच प्रमाणात. उजेड मात्र नाही. हवेतली ओल या पडझडीला हातभार लावते. पाण्याचा थेंब पडला तर हे स्फटिक क्षारच असल्यानं विरघळू लागतात आणि शिसं मोकळं सुटतं.

मग यांना काचेत का घालू नये? खिडकीची काच वितळायला हजार अंशांच्या वरचा ताप लागतो आणि तेवढ्यात तयार पेरोव्हस्काइटची वाट लागते. एकिमोव्हच्या रीतीनं काचेतच स्फटिक उगवता येतात, तसे काहींनी उगवलेही आहेत. पण मग जुनी गोष्ट पुन्हा आली: जे उगवेल ते गोड मानून घ्यायचं. मुळात हवी होती कमी तापात मऊ होणारी काच.

तिच्यासाठी थोडं मागे, 2008 साली लॉस एंजेलिसला जावं लागतं. ओमर याघी यांच्या प्रयोगशाळेत बारीक खळग्यांच्या तबकड्यांमध्ये यंत्र थेंब सोडत आहे. जस्त किंवा कोबाल्ट एकीकडं, इमिडॅझोल नावाची पाच अणूंची सेंद्रिय कडी दुसरीकडं. अशा 9,600 सूक्ष्म अभिक्रियांतून 25 स्फटिकी जाळ्या हाती लागतात. त्या निबंधावर पहिलं नाव राहुल बॅनर्जी यांचं. पुढं बॅनर्जी पुण्याला पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले आणि अशाच जाळ्यांवर त्यांनी तिथं कित्येक वर्षं काम केलं. त्या 25 जाळ्यांमध्ये एक होती झिफ-62. आपल्या गोष्टीतली काच हिच्यातूनच होणार आहे.

या जाळ्यांमध्ये जस्ताचा अणू चार कड्यांना धरून असतो आणि दोन जस्तांमधला कोन साधारण 145 अंशांचा भरतो. वाळूत, म्हणजे सिलिकामध्ये, दोन सिलिकॉन अणूंमधला कोनही तेवढाच. वाळूची काच होते, मग हिची का होऊ नये? 2015 साली केंब्रिजचे थॉमस बेनेट, डेन्मार्कमधल्या ऑल्बॉर्गचे युआनझेंग युए आणि त्यांचे सहकारी अशा जाळ्या आरगॉन वायूत तापवतात. एरवी सेंद्रिय पदार्थ इतक्या तापात जळून कोळसा व्हायचा. या वितळतात, आणि निवल्यावर पारदर्शक काच होते. झिफ-62 तर सुमारे 435 अंशांनाच वितळते, आणि तिची एकदा काच झाली की ती 300 अंशांच्या आसपास पुन्हा मऊ पडते. आकडे नीट बघा. काच 300 ला मऊ होते आणि पेरोव्हस्काइट त्या तापात घट्टच राहतो.

2021, ब्रिस्बेन. नदीच्या वळणावरचं क्वीन्सलँड विद्यापीठ. इथं घाई करू नका. टेबलावर दोन पुडी आहेत. एक पिवळी, सिझियम आयोडाइड आणि लेड आयोडाइड गोळ्यांच्या चक्कीत दळून केलेली. दुसरी झिफ-62 च्या काचेची भुकटी. वजनानं एक भाग पहिली, तीन भाग दुसरी, आणि परत दळण. मिश्रण साच्यात दाबलं की बोटाच्या पेराएवढी वडी पडते, फिकट, खडूसारखी निस्तेज. अतिनील दिव्याखाली धरा. जवळजवळ काहीच दिसत नाही.

वडी नळीच्या भट्टीत जाते. आतून आरगॉन वाहतो आहे, ताप 300 अंशांच्या घरात चढतो. आत काय चाललं असेल हे समजायला लोणावळ्याची चिक्की आठवा: गूळ पातळ होतो, दाणा होत नाही, पाक दाण्याच्या प्रत्येक खाचेत शिरतो आणि निवल्यावर दोघांची एकच वडी होते. इथं काच पातळ होते आणि पेरोव्हस्काइटच्या कणांना चहूबाजूंनी लपेटते. त्याच तापात ते कणही पिवळं रूप टाकून काळं, उजेड देणारं रूप घेतात. त्या क्षणी वडी बाहेर काढून द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांना, बुडवतात. चर्र आवाज होतो, पांढरी वाफ टेबलावरून खाली ओघळते.

आता पुन्हा अतिनील दिवा. वडी लाल पेटते. नुसत्या पेरोव्हस्काइटच्या तुलनेत हा उजेड शंभर पटींहून जास्त आहे.

वडी साध्या तापमानाला आली आहे. नियमानं तिच्यातला काळा स्फटिक खचून पिवळा व्हायला हवा होता. तो होत नाही, कारण काच त्याला नुसती झाकून बसलेली नाही. स्फटिकाच्या पृष्ठभागावर शिशाच्या काही अणूंचा आयोडीन जोडीदार गळालेला असतो. त्या उघड्या जागांमध्ये इलेक्ट्रॉन अडकतात आणि उजेड वाया जातो. पातळ झालेली काच तिथपर्यंत पोचते आणि तिच्यातली रसायनं त्या जागांशी बंध जोडतात. जखमा बुजतात, म्हणून उजेड वाढतो. त्याच बंधांनी स्फटिकाला असं जखडलेलं असतं की रूप बदलायला त्याला हलताच येत नाही. मला या सगळ्या कामातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. चाळीस वर्षं काचेकडं आपण भांडं म्हणून पाहिलं. इथं काच स्फटिकाच्या रसायनात उतरली, आणि निसर्गात त्या तापमानाला जे रूप टिकत नाही ते तिनं टिकवून धरलं.

वडी पाण्यात टाका. सेंद्रिय द्रावकात टाका, गरम करा, उघड्या हवेत ठेवा. उजेड टिकतो. आयोडीनऐवजी ब्रोमीन किंवा क्लोरीन घेऊन त्याच रीतीनं इतर रंग मिळतात आणि त्यांतून पांढऱ्या उजेडाचे एलईडी दिवेही करून दाखवले जातात. जिंगवेई होउ, लियानझोउ वांग, केंब्रिजचे बेनेट, लीड्सचे शॉन कॉलिन्स आणि इतर अनेकांचा हा निबंध ऑक्टोबर 2021 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध होतो. दोन वर्षांनी, 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी यांना मिळतं. 2025 चं मिळतं धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या जाळ्यांसाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना. त्या पेराएवढ्या वडीत हे दोन्ही वारसे आधीच एकत्र आले होते.

आता आपल्या काळात परत या, आणि एक हिशेब माझ्याबरोबर करा. सिझियम-शिसं-आयोडीनच्या स्फटिकात वजनानं जवळजवळ 29 टक्के शिसं असतं. वडीत हा स्फटिक एक चतुर्थांश, म्हणजे वडीत सुमारे 7 टक्के शिसं. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या आपल्या ई-कचरा नियमांत, अपवाद सोडले तर, उपकरणातल्या कुठल्याही एकजिनसी पदार्थात शिशाची मर्यादा 0.1 टक्के आहे. सत्तर पटींचा फरक. काच हे शिसं सहजी बाहेर जाऊ देत नाही. पाण्यात सुटलेलं शिसं तिच्यातलीच रसायनं पुन्हा पकडून ठेवतात, हे प्रयोगात दिसलेलं आहे आणि ते फार मोठं आहे. पण प्रयोगशाळेतलं भांडं वेगळं आणि डेपोवर पेटणारा कचऱ्याचा ढीग वेगळा. ही काच 300 अंशांना मऊ पडते, आणि कचऱ्याची आग त्याच्या कितीतरी पुढं जाते. भंगारातली तार मिळवण्यासाठी उपकरणं जाळणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या श्वासात हे शिसं जाता कामा नये.

ही काच मला हवी आहे, मनापासून हवी आहे. म्हणूनच तिच्या शेवटाची व्यवस्था तिच्या जन्माबरोबरच व्हावी असं मी म्हणतो. शिशाच्या जागी कथील किंवा दुसरा धातू चालेल का यावर काम सुरू आहे, ते व्हायलाच हवं. तोवर, अशा काचेचा दिवा किंवा पडदा दुकानात आला की त्याची चमक बघा, किंमत विचारा, आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारा: हा जुना झाला की परत कोण घेणार, आणि ते बिलावर लिहून देणार का?